दोन बोटं सैल

माप देताना माणूस खोटं बोलतं, हा अण्णा खटावकरांचा आयुष्यभराच्या शिवणकामातून निघालेला निष्कर्ष होता. तोंडाने नव्हे, पोटाने. टेप कमरेभोवती आली रे आली की बाई श्वास आत ओढते आणि पुरुष छाती काढतो. टेपेवर येतो तो आकडा त्या एका क्षणाचा. पुढे तोच ब्लाऊज घालून बाईला भाकऱ्या थापायच्या असतात, बसमध्ये वरचा दांडा धरायचा असतो, पोट धरून हसायचं असतं. तेव्हा श्वास सोडावाच लागतो. म्हणून अण्णा टेपेवरच्या आकड्यात दोन बोटं मिळवायचे आणि तोच आकडा मोठ्याने सांगायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं, हेच आपलं माप. इचलकरंजीतल्या त्यांच्या दुकानात आणि दुकानामागच्या घरात ‘माप’ या शब्दाचा अर्थच मुळी दोन बोटं धरून असा होता. दुसरं काही माप असतं हे तिथे कुणाच्या डोक्यात येत नसे.

अण्णांना दोन मुली. थोरली सुमेधा अंगाने काडी. तिच्याहून तीन वर्षांनी धाकटी केतकी मात्र पाळण्यापासूनच भरलेली. चारचौघांच्या घरात थोरलीचे कपडे धाकटीला होतात. इथे ते कधी जमलंच नाही. सुमेधा नववीत असताना अण्णांनी तिला जांभळ्या खणाचा पोलका शिवला होता. गौरीच्या दिवशी केतकीने खोलीचं दार लावून तो गुपचूप घालून पाहिला. बाही दंडावर अडकली, वर जाईना की खाली येईना, आणि ओढाताणीत शिवण टरकली. दार उघडल्यावर जमलेल्या आत्या-मावश्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. केतकीही त्यांच्याबरोबर हसली. जाड पोरींना ते लवकर शिकावं लागतं.

अण्णांनी पोलका दुरुस्त करून पेटीत ठेवून दिला आणि केतकीला जवळ घेऊन म्हणाले, “तुला आपण जास्तीचं कापड घेऊ की. त्यात काय एवढं?” तेव्हापासून केतकीचा एकही ब्लाऊज तिला कधी काचला नाही. जग मात्र काचत राहिलं. तिचा आवाज असा होता की शाळेच्या स्नेहसंमेलनापासून पुढे गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाला लोक तिच्याकडून निवेदन लिहून घ्यायचे, सरावालाही तिलाच बोलवायचे, आणि ऐनवेळी रंगमंचावर दुसरी कुणी उभी राहायची. “तुझा आवाज रेडिओचा आहे गं,” असं सांगायचे. याचा अर्थ न कळण्याइतकी केतकी खुळी नव्हती.

सुमेधाने पुण्यात वस्त्र-अभियांत्रिकी केली, गावाजवळच्याच एका कापड कंपनीच्या संशोधन विभागात लागली, आणि चाळिशी गाठता गाठता तिने ‘अंगवळण’ तयार केलं. आज ते घराघरांत आहे, त्यामुळे त्याचं कौतुक कुणाला उरलेलं नाही. पण तेव्हा लोक हात लावून बघायला यायचे. या कापडात तीन जातींचे धागे एकत्र विणलेले असत. पहिला धागा ताण ओळखणारा: अंग कुठे भिडतंय आणि कुठे सुटतंय हे त्याला कळे. दुसरा आखडणारा: अंगाच्या उबेवर तयार होणारी इवलीशी वीज त्यातून गेली की तो आकसे, बंद झाली की सैल पडे. तिसरा धागा पोकळ. त्यात हवा भरली की कापडाला उभारी येई, म्हणजे खांदा पडका असेल तर तिथे आकार यायचा, छाती बसकी असेल तर घडी नीट पडायची. तिन्ही धागे मिळून घटकेघटकेला अंगाचं माप घेत आणि कपडा त्या अंगाला नव्याने बेतत.

हे सगळं तिने केतकीसाठी केलं होतं. तसं ती सभांमध्ये सांगत नसे, पण खरं तेच होतं. केतकीने वजन उतरवायचे प्रयत्न काय थोडे केले होते? पण उतरत्या अंगाचा पहिला वैरी म्हणजे कपडा. दहा किलो कमी झाले की गळा उघडा पडतो, खांदा दंडावर घसरतो, सलवारीच्या नाडीला चुण्या पडतात, आणि लोक ‘छान दिसतेस’ म्हणायच्या ऐवजी ‘बरं नव्हतं का?’ विचारतात. नवे कपडे शिवावेत तर महिन्याभरात तेही ढगळ. मग सेफ्टी पिना, टाचलेल्या बाह्या, आणि एखाद्या संध्याकाळी वैतागून उघडलेला चिवड्याचा डबा. अंग बदलत असताना मधल्या प्रत्येक दिवशी माणूस नीटनेटकं दिसलं पाहिजे, एवढंच सुमेधाला हवं होतं.

पहिलं अंगवळण बायकांनी परत पाठवलं. बँडेज बांधल्यासारखं वाटतं, म्हणाल्या. सुमेधाला हसू आलं, कारण उत्तर तिच्या घरातच होतं. कापड जे माप घेई त्यात तिने सगळीकडे दोन बोटं मिळवून टाकली. छाती, कंबर, मुंढा, दंड, मांडी. तक्रारी थांबल्या, आणि कंपनीने तिचा सत्कार केला. सत्काराला अण्णा आले होते. मोतीबिंदूने आणि साखरेने त्यांची नजर तोवर जवळजवळ गेलेली, त्यांनी तिच्या शालीची किनार बोटांनी चाचपली आणि म्हणाले, “टीप सरळ आलीय.”

मग ‘बटण’ आलं. दंडाच्या आतल्या बाजूला, कातडीखाली बसवायची ही चकती. लोकांनीच तिला हे नाव दिलं. जेवल्यावर आतडं मेंदूला ‘पुरे’ असं सांगतं, ते ज्या रसायनाकरवी सांगतं तेच रसायन ही चकती थेंबाथेंबाने सोडी. पोट रिकामं, पण मेंदूला निरोप भरल्या पोटाचा. भूक मारण्याची औषधं त्याआधीही होती. बटणाची खुबी अशी की किती सोडायचं आणि कधी थांबायचं हे ते स्वतः ठरवी. त्यासाठी त्याला अंगाचं माप रोजच्या रोज लागे. लोक वजनकाट्यावर उभे राहायला लाजतात, पण कपडे तर रोज घालतात. म्हणून बटणवाल्यांनी अंगवळणाशी जोड घातली. कपडा माप सांगणार, बटण ऐकणार.

आणि एक कुलूप होतं. उपाशी शरीर आधी चरबी जाळतं आणि मग मांस खाऊ लागतं. हे मांस खाल्लं जातंय की नाही याची सगळ्यात सोपी खूण म्हणजे दंडाचा घेर. कुपोषित मुलांचा दंड पट्टीने मोजतात तो याचसाठी. दंड ठरावीक घेराच्या खाली गेला की बटणाने कायमचं गप्प बसायचं, असं ते कुलूप.

जोड घालायच्या बैठकीत बटणवाल्यांच्या तरुण अभियंता बाईने पडद्यावरून विचारलं होतं, “तुमच्या कपड्याकडून आम्हाला मिळतं ते अंगाचंच माप ना?”

“हो, मापच,” सुमेधा म्हणाली होती. तिच्या आवाजात जराही शंका नव्हती. खटावकरांच्या घरात वाढलेल्या कुणालाही ती आली नसती.

केतकीने बटण बसवलं तेव्हा तिचा नवरा निरंजन नोकरीनिमित्त राजस्थानात होता. वाळवंटातल्या सौरप्रकल्पावर चार-चार महिने राहायचा, फोनवर बोलायचा. “तू आहेस तशी मला आवडतेस,” असं तो म्हणायचा. केतकी म्हणायची, “तुला आवडतो हो, पण तू कुठं स्टेजवर बोलवतोस?” इचलकरंजीकडच्या बायका बोलतात तशी ती स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ असंच म्हणायची, सुमेधाची ती सवय पुण्याच्या कॉलेजात मोडली होती.

पहिलं वर्ष सणासारखं गेलं. सुमेधा तिच्यासाठी अंगवळणाचे ताके घरी आणायची, रंग निवडायची, गळ्यांच्या तऱ्हा काढायची. मोरपंखी, वांगी, हळदी. केतकीचं अंग आठवड्या-आठवड्याला उतरत होतं आणि ती दर आठवड्याला वेगळी आणि नीटस दिसत होती. रस्त्यात बायका थांबून विचारायच्या, शिंपी कोण? ती सांगायची, “आक्का!” आणि वर्षाच्या शेवटी गावच्या नाट्यगृहात दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाला निवेदिका म्हणून केतकी उभी राहिली. तिने लिहिलेलं होतं आणि तीच बोलत होती. पडद्याआड उभ्या असलेल्या सुमेधाला रडू आवरेना. आपण शिकलो त्याचं सार्थक झालं, असं तिला त्या दिवशी वाटलं, आणि ते वाटणं खरं होतं. पुढे काय झालं म्हणून ते खोटं ठरत नाही.

दुसऱ्या वर्षी डॉक्टरांना विचारून केतकीने कमरेचं लक्ष्य आणखी थोडं खाली आणलं. आकड्यांत जागा दिसत होती, डॉक्टरांनी पडद्यावर आकडे बघितले आणि हरकत घेतली नाही. गाल बसले तेव्हा तिने सुईने त्यात भरणी करून घेतली. ती तर आता सगळेच करत. चैत्रातल्या उन्हातही ती पूर्ण बाह्यांचं अंगवळण घालून, वर शाल घेऊन बसायची. रंगमंचाच्या पायऱ्या चढताना कठडा धरायची. एकदा आमटी वाढताना बोटातली अंगठी पातेल्यात पडली तर घरभर हशा झाला, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायका म्हणाल्या, “नशीब लागतं बाई असं बारीक व्हायला.”

सुमेधाला धाकधूक वाटायची नाही असं नाही. ती रोज सकाळी फोनवर केतकीचे आकडे बघायची. दंडाचा आकडा कुलपाच्या रेषेच्या वर होता. समोर केतकी असायची ती भरल्या खांद्याची, सरळ पाठीची. तिच्याच कापडाने तिला तशी उभी केली होती.

“जेवतेस ना गं?” ती विचारायची.

“जेवतो की. भूक लागंल तेवढं.”

भूक लागतच नव्हती, हे तिने सांगितलं नाही. तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. बटणाचा गुणच तो.

तिसऱ्या वर्षी गौरी आल्या तेव्हा केतकी माहेरी आली. निरंजन यायचा होता, पण त्याची रजा पुढे गेली. आरती झाली, सगळ्यांनी पुरणपोळीवर हात मारला. केतकीने पोळीचा चतकोर पानात फिरवत ठेवला. मग हात धुऊन ती एकदम लहान मुलीसारखी म्हणाली, “आक्का, तुझा तो जांभळा पोलका हाय का गं अजून?”

अण्णा आरामखुर्चीतून म्हणाले, “पेटीत हाय. मी टाकला न्हाई.”

दोघी आतल्या खोलीत गेल्या. पेटीतून कापराच्या वड्यांच्या वासाचा तो खण निघाला. केतकीचे डोळे लकाकत होते. “आज मला हुतोय बग,” ती म्हणाली. “नववीतली सुमेधा खटावकर, ये आता समोर!” आणि तिने सुमेधाकडे पाठ करून अंगवळणाचे बंद सोडले.

कपडा अंगावेगळा होताच त्याची हवा गेली आणि तो जमिनीवर चुरगळून पडला. सुमेधाने केतकीची पाठ पाहिली. खांद्याची हाडं, मणके, त्यावर ओढून बसवलेली कातडी. केतकी वळली. बरगड्या दुरून मोजता आल्या असत्या. या देहावर तो भरलेला, रंगवलेला चेहरा दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

केतकीने पोलका घातला. ज्या बाहीत तिचा दंड अडकला होता त्या बाहीत आता हात कुठेच लागला नाही. हूक लावले तरी पोलका तिच्या अंगावर खुंटीवर टांगल्यासारखा लोंबत राहिला. चौदा वर्षांच्या काडीसारख्या मुलीचा पोलका, आणि तो तिला ढगळ होत होता.

“सैल झाला की गं!” केतकी आनंदाने म्हणाली. मग तिने सुमेधाचा चेहरा पाहिला. “काय झालं?”

“केतू, तू आरशात बघत नाहीस का?”

“बघतो की.”

“मग?”

केतकी गोंधळली. “बारीक माणसं आतनं अशीच असतात की, आक्का. मला काय ठावं? मी कधी बारीक हुतो?”

सुमेधाने अण्णांच्या मशीनच्या खणातली टेप आणली. तिने केतकीच्या दंडाभोवती टेप गुंडाळली आणि आकड्यावर अंगठा दाबून धरला. दुसऱ्या हाताने फोन काढला. सकाळी अंगवळणाने बटणाला कळवलेला दंडाचा आकडा तिथे होता. तिने तो आकडा टेपेवर शोधला. दोन आकड्यांच्या मधे उरलेल्या जागेवर तिने आपली दोन बोटं ठेवली.

ती बरोबर बसली.

कमरेवर दोन बोटं म्हणजे काहीच नाही. दंडावर दोन बोटं म्हणजे अख्खं कुलूप. बटण दिवसरात्र एका सुदृढ बाईचा दंड मोजत होतं. अशी बाई कुठे नव्हतीच. सुमेधाने तोंडात पदर कोंबला, बाहेर अण्णा बसले होते म्हणून.

त्याच दुपारी बटण काढलं आणि केतकीला कोल्हापूरला रुग्णालयात ठेवलं. तिथल्या डॉक्टरबाई सडेतोड होत्या. उपाशी शरीर दंड-मांड्या खातं तेव्हा हृदय सोडत नाही, कारण तेही मांसच, असं त्यांनी सांगितलं. केतकीच्या हृदयाची भिंत कागदासारखी झाली होती. आणि आता भरभरून खायला घालणं हाही उपाय नव्हता. इतके दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात अन्न एकदम गेलं की रक्तातले क्षार उलटेपालटे होतात आणि कमजोर हृदय तिथेच थांबतं. थेंबाथेंबाने वाढवायचं, आणि तोवर ते तग धरतं का बघायचं.

बटण गेलं आणि केतकीची भूक परत आली. एवढ्या दिवसांची सगळी भूक एकदम आली. “आक्का, मला भूक लागलीय,” ती म्हणाली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर नवल होतं. “पोळी हाय का गं गौरीची? कटाची आमटी?” दुसऱ्या दिवशी ते नवल राहिलं नाही, नुसती विनवणी उरली. नर्स चमच्याने पेज देई, आणि चमचा परत घेताना केतकी तो दातांत धरून ठेवी. सुमेधाला तो सोडवावा लागे. आयुष्यभर लोकांनी केतकीच्या हातातलं ताट काढून घेतलं होतं; आता ते काम तिच्या आक्काच्या वाट्याला आलं होतं.

वरांड्यातून सुमेधाने कंपनीचे प्रमुख चिटणीस यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“लगेच दुरुस्त करू,” ते म्हणाले. “आजच. पण मॅडम, हे बाहेर बोलायची गरज आहे का?”

“किती बायका घालतात ते माहीत आहे ना तुम्हाला?”

“म्हणूनच म्हणतोय.”

त्यांनी घरोघरच्या कपड्यांना दुरूनच हुकूम धाडून गुपचूप दोन बोटं काढून टाकली. त्या संध्याकाळी देशभरात कितीतरी दंडांवरची कुलपं एकदम लागली असतील आणि कितीतरी बायकांना काही कळायच्या आत भूक लागली असेल. सुमेधा मात्र गप्प बसली नाही. तिने स्वतःच्या नावाने, चेहरा दाखवून, सगळं जाहीर सांगितलं: चूक काय झाली, कुणी केली, कुणी ताबडतोब डॉक्टरांकडे जायला हवं. तिची नोकरी गेली, ते व्हायचंच होतं. पण उत्तरादाखल बायकांचे जे निरोप आले त्यांनी तिला मोडून टाकलं. थोड्याजणींनी आभार मानले होते. बाकीच्या सगळ्यांची एकच तक्रार होती: कपडे काचतायत, पूर्वीसारखे करून द्या.

अण्णांपर्यंत यातलं काही पोहोचलं नव्हतं. ते फोन बघू शकत नव्हते, आणि केतकीच्या हृदयाला आजार झालाय एवढंच त्यांना सांगितलं होतं. शेजारीपाजारी त्यांच्यासमोर विषय काढत नसत. एवढी माणुसकी गल्लीत होती.

केतकीला सांगणं भाग होतं. एका दुपारी, नर्स बाहेर गेल्यावर, सुमेधाने सांगितलं. दोन बोटं कुठे मिळवली, का मिळवली, बैठकीत ती ‘हो’ म्हणाली, सगळं. सांगून झाल्यावर ती पलंगाच्या लोखंडी कडेवर डोकं टेकून बसली.

केतकी छताकडे बघत होती. “अण्णांची दोन बोटं,” ती हळूच म्हणाली. तिला हसू आलं असावं, पण हसायला लागतो तेवढा श्वास तिच्याकडे नव्हता. “त्या दोन बोटांमुळं मला कधी काय काचलं न्हाई, आक्का. शाळेत सगळं काचायचं. अण्णांचा ब्लाऊज तेवढा काचायचा न्हाई.”

“केतू, मला शिव्या घाल.”

“घालंन की. आधी कायतरी खायला दे.”

सुमेधा ते देऊ शकत नव्हती. केतकीने तिचा हात शोधला. ते बोट, ते मनगट हातात घ्यायलाही भीती वाटावी असं झालं होतं.

“अण्णांना सांगू नको,” केतकी म्हणाली. “त्येंला वाटंल त्येंनीच केलं.”

निरंजन दुसऱ्या दिवशी पोहोचला. त्याने दारातूनच केतकीला पाहिलं आणि सुमेधाकडे वळून तो एवढंच म्हणाला, “फोनवर तर छान दिसत होती.” त्यानंतर तो सुमेधाशी बोलला नाही. तिनेही त्याने बोलावं अशी अपेक्षा केली नाही.

त्याच आठवड्यात एका सकाळी, पेज भरवत असतानाच, केतकीचं हृदय थांबलं. डॉक्टरबाईंनी करायचं ते सगळं केलं. चमचा सुमेधाच्या हातात तसाच राहिला. अर्धा भरलेला होता.

केतकीला अण्णांच्या घरी आणलं. सवाष्णीला माहेरचं हिरवं पातळ नेसवतात आणि त्यावर हिरवा ब्लाऊज. पातळ सुमेधाने आणलं. ब्लाऊजसाठी केतकीच्या घरचं कपाट उघडलं तेव्हा त्यात एकही साधा ब्लाऊज नव्हता. मोरपंखी, वांगी, हळदी, सगळं अंगवळण. त्यातली हवा गेलेली, सगळे हँगरवर निजलेले. आणि ते धागे स्मशानात चालत नाहीत. जळताना विषारी धूर होतो, म्हणून तिथे ते आधी काढून घेतात. शेजारच्या कुणी एक सुती ब्लाऊज आणून दिला, तो खांद्यावरून पार खाली उतरला. कुणीतरी म्हणालं, पिना लावू या, आता कोण बघतंय.

“पिना नाहीत लावायच्या,” सुमेधा म्हणाली.

तिने हिरव्या खणाचं कापड काढलं, अण्णांचं पायमशीन ओसरीवर ओढून घेतलं आणि टेप घेऊन केतकीजवळ बसली. बायका बाजूला सरकल्या. अण्णा खुर्चीत, मांडीवर हात ठेवून, आवाजांच्या दिशेने तोंड करून बसले होते.

तिने छातीचं माप घेतलं. मग कंबर, मुंढा, दंड. गौरीच्या दिवशीचा दंड सोडला तर या तीन वर्षांत तिने केतकीचं माप स्वतःच्या हाताने एकदाही घेतलं नव्हतं; ते कापड घेत होतं. टेप कमरेभोवती आली तेव्हा तिचा हात सवयीने क्षणभर थांबला. माणूस श्वास आत ओढतं त्या क्षणासाठी. केतकीने काहीच ओढलं नाही. टेपेवर होता तोच आकडा खरा होता, आणि तो आता बदलणार नव्हता.

सुमेधाने कापड पसरलं आणि टेपेवरच्या नेमक्या आकड्यावर खडूने रेघ मारली. कापडावर खडू घासल्याचा आवाज अण्णांनी ओळखला. त्यांचं डोकं किंचित वर झालं.

“सुमे,” ते म्हणाले. “दोन बोटं सैल धरलीस न्हवं? तिला काचायला नको.”

सुमेधाने त्यांच्या आंधळ्या डोळ्यांकडे पाहिलं.

“धरली, अण्णा,” ती म्हणाली, आणि तिने रेघेवरूनच कातर चालवली.